उतरत्या छटेचें वाहन

जळगांवाहून अजिंठ्याचीं लेणीं सुमारें ६० किलोमीटरांवर आहेत. तीं खानदेशच्या हद्दीबाहेर, पूर्वीच्या निजामी मुलखांत पडत असलीं, तरी आगगाडीनें येणारा देशोदेशींचा प्रवासी पिढ्यान्‌पिढ्या खानदेशांतूनच त्यांच्याकडे गेलेला आहे. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यांत पद्मपाणीची सुप्रसिद्ध आकृति आहे. तिच्या गालावरचा उजेड कोठें संपला आणि सांवली कोठें सुरू झाली, हें कोणासहि बोट ठेवून दाखवितां येणार नाहीं. छटा उतरत जाते, पण तिला पायरी नसते. जुन्या चित्रशास्त्रानें या कौशल्याला ‘वर्तना’ म्हटलें असून विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रांत तिचे पत्रजा, ऐरिका व बिंदुजा असे तीन प्रकार दिले आहेत. पानाच्या शिरांसारख्या रेघांनीं साधते ती पत्रजा, अतिशय सूक्ष्म हातानें भरली जाते ती ऐरिका, आणि नुसत्या ठिपक्यांनीं साधते ती बिंदुजा. यांपैकीं शेवटचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. त्याची गांठ पुढें छापखान्यांत आणि संगणकाच्या पडद्यावर पुन्हा पडावयाची आहे.

आजचा प्रश्न दिसावयास फार लहान आहे. धुळें किंवा जळगांव येथील एखाद्या वाचनालयाचें अगर दुकानाचें संकेतस्थळ तयार करणारा कारागीर पानाच्या पाठीमागें गडद निळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू फिकट होत जाणारी पार्श्वभूमि घालूं इच्छितो. ही पार्श्वभूमि कोणत्या प्रकारच्या चित्रांत सांठवावी? जिफ, जेपेग, पीएनजी कीं आणखी कांहीं? निवड चुकली कीं निवळ आकाशाच्या जागीं मातीच्या भिंतीचे थर दिसूं लागतात. संगणकाच्या पुस्तकांत या प्रश्नाला दोन ओळींचें उत्तर मिळतें. परंतु तें उत्तर तसेंच कां, हें कळावयाचें तर छटा आणि तिला वाहून नेणारें साधन यांचा झगडा थोडा मागून पाहिला पाहिजे. त्या झगड्यांतील कांहीं प्रसंग खानदेशाच्या उंबरठ्यावरच घडलेले आहेत.

मद्रासच्या फौजेंतील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची नेमणूक ईस्ट इंडिया कंपनीनें १८४४ सालीं अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठीं केली. गिल आणि पारो यांची कथा लोकांच्या तोंडीं अधिक आहे. त्याच्या कामाची हकीकत त्या मानानें थोड्यांना ठाऊक असते. कापडावर तेलरंगांत त्यानें सुमारें ३० मोठ्या नकला केल्या. तेलरंग हें छटेला फार अनुकूल वाहन होय. ओल्या रंगांत ओला रंग मिसळतां येतो आणि मधला सांधा पुसून टाकतां येतो. परंतु अशी प्रत्येक नक्कल ही एकुलती एक वस्तु असते. या नकला लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडल्या होत्या. १८६६ च्या डिसेंबरांत त्या इमारतीस आग लागली आणि हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या सोडून सर्व नकला भस्मसात् झाल्या.

गिलनें तोंवर दुसरें वाहन हातीं घेतलें होतें. जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह लेण्यांचीं त्यानें घेतलेलीं छायाचित्रें १८६४ सालीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झालीं. कॅमेऱ्याला त्या काळीं रंग ठाऊक नव्हता. उजेडापासून अंधारापर्यंतची उतरण मात्र तो अखंड टिपीत असे, आणि एका कांचेवरून पुष्कळ प्रती निघत. रंग सोडून देऊन छटा राखावयाची, असा हा व्यवहार होता. गिल १८७९ सालीं वारला. त्याची कबर भुसावळ येथें आहे. त्याच्यामागून मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत खपून नव्या नकला केल्या आणि त्यांपैकींहि बऱ्याच नकला १८८५ सालीं लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगींत गेल्या. एकाच गोष्टीचा असा दोनदां अनुभव यावा, हें दैव विचित्रच म्हटलें पाहिजे.

पुष्कळ प्रती हव्यात तर छापखान्याकडे गेलें पाहिजे, आणि छापखान्याला तर करडा रंग मुळींच ठाऊक नाहीं. शाई कागदाला लागते किंवा लागत नाहीं; तिसरी स्थिति नाहीं. राजा रविवर्मा यांचा मुंबईंतील छापखाना १८९४ सालीं सुरू झाला, तेथें प्रत्येक रंगाला निराळा दगड लागे. देवतांच्या पाठीमागील आकाशाची उतरण उमटविण्यासाठीं कारागिरांना दगडावर बारीक ठिपके घालीत बसावें लागे. गडद भागीं दाट, फिकट भागीं विरळ. हीच चित्रसूत्रांतील बिंदुजा वर्तना. म्युनिकच्या गेओर्ग मायसेनबाख यानें १८८२ सालीं पेटंट घेतलेल्या हाफटोन पद्धतीनें तेंच काम यंत्राच्या स्वाधीन केलें. बारीक जाळींतून छायाचित्र घेतलें कीं चित्राचे लहानमोठे ठिपके होतात आणि शाई एकच असतांना डोळ्यांना शेंकडों छटांचा भास होतो. घरांत एखादें जुनें सचित्र मासिक असेल, तर त्यांतील चित्रावर भिंग धरून पाहावें. आकाश नाहींसें होऊन नुसती ठिपक्यांची रांगोळी उरते.

आतां चाळीसगांवाकडे वळावयास हरकत नाहीं. जळगांव जिल्ह्यांतील या गांवीं, रेल्वे स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यांत केकी मूस (१९१२–१९८९) या पारशी कलावंतानें आयुष्याचीं सुमारें पन्नास वर्षें जवळजवळ घराबाहेर न पडतां घालविलीं. विलायतेंत शिकून आलेल्या या गृहस्थाची ख्याति विशेषतः ‘टेबलटॉप’ छायाचित्रणासाठीं आहे. या प्रकारांत मेजावर लहानसान वस्तु मांडावयाच्या, पाठीमागें कापडाचा किंवा पुठ्ठ्याचा पडदा धरावयाचा, आणि एका बाजूनें दिव्याचा झोत सोडून त्यांतून डोंगर, वाट, संध्याकाळ उभी करावयाची. बाहेरचें जग पाहावयास न जाणाऱ्या माणसानें तें मेजावर रचावें, यांत एक प्रकारची सुसंगति आहे. या कलेंत मागचा पडदा म्हणजेच आकाश. दिव्यापासून दूर जातां जातां उजेड मंदावतो आणि साध्या पुठ्ठ्यावर क्षितिज निर्माण होतें. उतरती छटा येथें शोभेपुरती नसते. अंतर, वेळ आणि हवा हीं सर्व तिच्यावरच अवलंबून असतात. ती तुटली कीं डोंगराचा दगड होतो आणि संध्याकाळचा पुठ्ठा.

ही छटा फिल्मवर तुटत नाहीं याचें कारण रसायनांत आहे. फिल्मवरील चांदीचे कण सूक्ष्म असून वाटेल तसे, अनियमित विखुरलेले असतात. फिकट व गडद यांमध्यें एकहि सरळ सीमारेषा त्यामुळें पडत नाहीं. वस्तुतः हेंहि ठिपक्यांचेंच चित्र. पण त्या ठिपक्यांना ओळ नाहीं, आणि ओळ नाहीं हाच त्यांचा गुण.

संगणकाच्या पडद्याचें याच्या उलट आहे. तेथें सर्वच कांहीं ओळीनें आणि मोजून असतें. पडद्यावरील प्रत्येक बिंदूंत तांबडा, हिरवा व निळा असे तीन प्रकाश असतात आणि सामान्यतः प्रत्येकाला २५६ पायऱ्या दिलेल्या असतात. तिघांचा गुणाकार केला तर १,६७,७७,२१६ रंग होतात. इतके रंग हाताशीं असतांना पट्टे पडावेत कां, असें कोणीहि विचारील. उत्तर सोप्या हिशेबांत आहे. मध्यम करड्यापासून किंचित् फिकट करड्यापर्यंत ५० पायऱ्यांचें अंतर आहे आणि तें १,००० बिंदूंच्या उंचीवर पसरावयाचें आहे. म्हणजे प्रत्येक पायरी २० बिंदु रुंद होणार. सव्वा कोटीहून अधिक रंग असले, तरी या दोन टोकांमधील करडे पन्नासच! त्यांत डोळ्याचा स्वभाव आडवा येतो. दोन सपाट छटा शेजारीं आल्या कीं डोळा त्यांच्या सीमेवरील फरक असेल त्यापेक्षां अधिक करून दाखवितो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञानें १८६५ सालीं या गोष्टीकडे लक्ष वेधलें आणि अशा आभासी पट्ट्यांना पुढें त्याचेंच नांव मिळालें. छटा जितकी सौम्य, तितकी पायरी रुंद. नाजूक पार्श्वभूमीच लवकर बिघडते ती यामुळें.

या पडद्यासाठीं जे चित्रप्रकार निघाले, त्यांत प्रथम सर्वत्र पसरला तो जिफ. अमेरिकेंतील कॉम्प्युसर्व्ह या कंपनीनें तो १९८७ सालीं काढला. एका चित्रांत फार तर २५६ रंग, हा त्याचा नियम. फुलें, चेहरे, मेजावरचीं आकाशें या सर्वांना मिळून २५६ रंग म्हणजे दुष्काळच. रंग कमी पडले कीं दोन जवळचे रंग ठिपक्यांनीं मिसळून तिसऱ्याचा आभास करावयाचा, ही ‘डिदरिंग’ची युक्ति त्यावर वापरीत. बिंदुजा वर्तना पुन्हा एकदां कामास आली! मात्र येथें तिची किंमत मोजावी लागे. जिफची संक्षेपाची रीत एकसारख्या पुनरावृत्तीवर जगते; ओळभर एकच रंग असला तर ती ओळ चिमटीत मावते. ठिपके विखुरले कीं पुनरावृत्ति मोडते आणि चित्राचा बोजा वाढतो.

बोजाचें महत्त्व आज कोणास सांगूनहि पटणार नाहीं. भारतांत सामान्य जनतेसाठीं इंटरनेटची सेवा विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं, तीहि मोठ्या शहरांपुरती, सुरू केली. टेलिफोनच्या तारेवरून जोडणी व्हावयाची. २८.८ किलोबिटांचा मोडेम सेकंदाला फार तर ३,६०० बाइट आणूं शके. १,०२४ गुणिले ७६८ बिंदूंची पार्श्वभूमि संक्षेप न करतां पाठविली, तर ती २३,५९,२९६ बाइटांची होई आणि ती उतरावयास सुमारें अकरा मिनिटें लागत. तेवढ्यांत वाचक उठून चहा घेऊन येईल, आणि बहुधा परत येणारच नाहीं.

या अडचणींतून कारागिरांनीं जी वाट काढली, ती मोठी चतुर होती. छटा वरून खालीं उतरत असेल, तर प्रत्येक आडव्या ओळींत एकच रंग असतो. मग सबंध चित्र पाठवावयाचें कशाला? एक बिंदु रुंद आणि ७६८ बिंदु उंच अशी केवळ दोऱ्याएवढी पट्टी पाठवावी आणि ती पानाच्या रुंदीभर पुन्हा पुन्हा मांडावी अशी आज्ञा ब्राउझरला द्यावी. १९९६ सालीं ठरलेल्या सीएसएसच्या पहिल्या नियमावलींत अशा पुनरावृत्तीची सोय होती. त्या पट्टीचा बोजा संक्षेपापूर्वींच २,३०४ बाइट, म्हणजे सेकंदभराचेंहि काम नाहीं. एका लहान लांकडी ठशानें सबंध लुगड्याचा कांठ छापणाऱ्या कारागिराला ही युक्ति नवी वाटली नसती. तिरपी किंवा मध्यबिंदूपासून पसरणारी छटा मात्र या पट्टीच्या आटोक्याबाहेर होती.

पट्टी जिफमध्यें सांठवावी कीं पीएनजीमध्यें, हा प्रश्न कांहीं काळ केवळ तंत्राचा राहिला नव्हता. जिफच्या संक्षेपाच्या रीतीवर युनिसिस कंपनीचें पेटंट होतें, आणि १९९४ च्या अखेरीस त्यावर मोबदला मागितला जाणार असें जाहीर झाल्यावर कार्यक्रम लिहिणाऱ्यांत मोठा असंतोष माजला. (अमेरिकेंतील तें पेटंट २००३ सालीं संपलें.) त्या असंतोषांतून पीएनजी जन्मास आला आणि ऑक्टोबर १९९६ मध्यें त्याला वर्ल्ड वाइड वेब मंडळाची मान्यता मिळाली. रागाच्या भरांत झालेलीं कामें सहसा चांगलीं होत नाहींत. हें एक झालें. पीएनजी प्रत्येक बिंदूचा रंग जशाचा तसा न लिहितां, शेजारच्या बिंदूवरून त्याचा अंदाज बांधतो आणि अंदाज किती चुकला तेवढेंच नोंदवितो. उतरत्या छटेंत शेजाऱ्यावरून अंदाज जवळजवळ बरोबरच निघतो; नोंदी शून्याच्या आसपास राहतात आणि फार थोड्या जागेंत मावतात. शिवाय कोणताहि रंग गाळला जात नाहीं.

जेपेगची वृत्ति निराळी. १९९२ सालच्या या मानकाचा हेतु छायाचित्रें वाहून नेण्याचा. तो चित्राचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोनांतील जो बारकावा डोळ्यांस सहसा जाणवत नाहीं तो टाकून देतो. गर्दीच्या बाजाराचें किंवा केळीच्या बागेचें चित्र असेल तर ही चोरी पकडणें कठीण. निरभ्र आकाशांत मात्र लपावयास झाडच नसतें. संक्षेप अधिक केला कीं तेथें चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. दुसरा दोष याहून लबाड आहे. पार्श्वभूमीची पट्टी जेथें संपते, तेथून खालीं पानाचा साधा सपाट रंग सुरू होतो. दोन्ही रंग तंतोतंत जुळले तरच सांधा अदृश्य राहतो. आणि जेपेग रंगाला एक-दोन पायऱ्या इकडे-तिकडे ढकलून मोकळा होतो. त्या काळच्या कित्येक पानांवर खालच्या बाजूस एक पुसट आडवी रेघ दिसे, ती बहुधा याच कारणानें. पीएनजीहि या बाबतींत अगदीं निर्दोष नव्हता. उजळपणाविषयींची त्यांतील एक नोंद निरनिराळे ब्राउझर निरनिराळ्या रीतीनें वाचीत आणि तेथेंहि सांधा उघडा पडे. ती नोंद काढून टाकणें हा त्यावरचा रूढ उपाय.

येथवर सर्व वाद कोणतें चित्र पाठवावें याचा होता. पाठविलीच पाहिजे ती वस्तु चित्र आहे काय, हा प्रश्न उशिरां विचारला गेला. निळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची सरळ छटा हा मुळांत एक नियम आहे. दोन टोकांचे रंग आणि दिशा सांगितली कीं मधलें सर्व काढतां येतें. मग नियमच पाठवावा. वेबकिट या ब्राउझर-यंत्रणेंत २००८ सालीं अशी सोय झाली, पाठोपाठ इतरांनीं ती उचलली, आणि २०१२ पर्यंत ‘लिनिअर-ग्रेडियंट’ ही आज्ञा सीएसएसच्या प्रमाण नियमावलींत स्थिरावली. दोऱ्याएवढ्या पट्टीचीहि गरज उरली नाहीं. एक ओळ लिहिली कीं लहान मोबाइलावर लहान आणि मोठ्या पडद्यावर मोठी छटा वाचकाच्या यंत्रावरच तयार होते. तिरपी हवी तर तिरपी, वर्तुळाकार हवी तर वर्तुळाकार. वाचनालयाच्या निळ्या पार्श्वभूमीपुरतें बोलावयाचें तर निकाल एवढाच: कोणताहि फॉर्मॅट निवडूं नये, आज्ञा लिहावी. २५६ पायऱ्यांची मर्यादा तेथेंहि सुटत नाहीं. फार सौम्य छटेंत पट्टे दिसलेच, तर दोन टोकांच्या रंगांतील अंतर वाढवावें, किंवा छटेवर अनियमित कणांचा अगदीं पुसट थर देणारी लहान पीएनजी फरशी पसरावी. हे कण म्हणजे फिल्मवरील चांदीचीच नक्कल होय.

केकी मूस यांच्या पद्धतीच्या छायाचित्राला हा निकाल लागू करणें मात्र अन्याय होईल. दिव्याचा झोत पुठ्ठ्यावर पडून जी उतरण झाली, ती कोणत्याहि दोन टोकांच्या नियमांत बसत नाहीं. ती पाहूनच घेतली पाहिजे, आणि पाहिली तशीच नेली पाहिजे. अशा चित्राला पीएनजी प्रामाणिक खरा, पण कणांच्या गर्दीपुढें त्याचे अंदाज सारखे चुकत राहतात आणि बोजा अतोनात वाढतो. येथें जेपेगच योग्य, मात्र संक्षेपाचा हात आखडता ठेवून. याच जागीं एक मोह कारागिरास पडतो: जुन्या छायाचित्रांतील कण म्हणजे मळ, असें समजून तो ते पुसून आकाश ‘स्वच्छ’ करतो. कण पुसले कीं छटेला आधार देणारे अनियमित ठिपके जातात आणि दुसऱ्याच क्षणीं आकाशांत पट्टे उभे राहतात. गूगलचा २०१० सालचा वेबपी हलका आहे, पण त्याचा रंग गाळणारा प्रकार मऊ छटांशीं फारसा दयाळू नाहीं. २०१९ सालच्या एव्हिफमध्यें प्रत्येक प्रकाशाला २५६ ऐवजीं १,०२४ किंवा त्याहूनहि अधिक पायऱ्या देतां येतात. तथापि त्या दाखविणारा पडदा वाचकापाशीं असला तरच त्यांचा उपयोग.

धुळ्यास तर पार्श्वभूमि हा शब्दच निराळ्या अर्थानें घ्यावा लागतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथें वारले आणि त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठीं लगेच १९२७ सालीं राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झालें. शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेल्या रामदासी पोथ्या समर्थ वाग्देवता मंदिरांत आहेत. जुन्या पोथीचें पान पांढरें नसतें. मध्यें पिवळसर, कांठाकडे तपकिरी, बोटें लागलेल्या कोपऱ्यांत काळसर अशी त्याची छटा उतरत जाते, आणि ही उतरण हा पुरावा असतो. पान किती हाताळलें गेलें, ओल कोणत्या बाजूनें शिरली, पुसट झालेलें अक्षर मुळांत होतें कीं डाग आहे, हें त्या पार्श्वभूमीवरून ठरतें. बोजा वांचविण्यासाठीं पान काळें-पांढरें करून टाकलें, तर अक्षरें अधिक ठळक दिसतील खरीं, पण शंका घेण्याची सोय जाईल. जिफच्या २५६ रंगांत तें बसविलें, तर कांठाच्या तपकिरी छटेला पायऱ्या पडतील आणि एखाद्या पायरीची कडाच कोणाला ओलीची रेघ वाटेल. अशा पानाची मूळ प्रत टिफसारख्या, कांहींहि न गाळणाऱ्या प्रकारांत, प्रत्येक प्रकाशाला शक्य तितक्या अधिक पायऱ्या ठेवून घ्यावी आणि ती दोन निराळ्या इमारतींत ठेवावी. संकेतस्थळावर जावयाची ती तिच्यावरून काढलेली हलकी जेपेग किंवा एव्हिफ प्रत. दहा वर्षांनीं नवा फॉर्मॅट आला, कीं तीच मूळ प्रत उघडून दुसरी काढतां येते.